पाण्याखालची कार्यकारिणी

एका कॅप्टनचा केक भाजायचा खेळण्यातला ओव्हन हरवतो आणि तो समुद्रतळावरचं अख्खं संशोधन केंद्र डोक्यावर घेतो. दुसऱ्या एका भागात हाच गृहस्थ थंड पेयाच्या मशीनखाली अडकून पडतो. सोबतीला फक्त एक विंचू. पहिल्याच भागात केंद्राचा निकाल लागायची वेळ आलेली असते आणि तिथली विद्वान मंडळी मात्र आपला मेंदू काढून यंत्रमानवाच्या धडात बसवून घ्यावा की नाही, यावर हिरिरीने वाद घालत बसतात. कितीतरी भाग केंद्राच्या स्फोटाने संपतात. पुढच्या भागात केंद्र जागच्या जागी, माणसं ठणठणीत, आणि झाल्या प्रकाराची साधी चौकशी समितीसुद्धा नेमलेली नसते.

या कार्टूनचं नाव ‘सीलॅब २०२१’. अमेरिकेत मी नवा आलो तेव्हा ते नुकतंच सुरू झालं होतं. रात्री-अपरात्री मान टाकणाऱ्या सर्व्हरना उठवून बसवायचं, ही माझी नोकरी. सर्व्हर उठेपर्यंत टीव्हीसमोर बसून मायक्रोवेव्हमधला वरणभात खायचा, ही करमणूक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, चॅनलवाल्यांचा काहीतरी घोळ झालाय. चित्र एका कार्यक्रमाचं आणि आवाज भलत्याच कार्यक्रमाचा. पुढे कळलं, घोळ हाच कार्यक्रम आहे.

त्याची कुळकथा अशी. १९७२ साली हॅना-बार्बेराने ‘सीलॅब २०२०’ नावाची मालिका काढली. एनबीसीवर, शनिवारी सकाळी, मुलांसाठी. पाण्याखालच्या डोंगराच्या माथ्यावर वसवलेलं केंद्र, त्यात बायकापोरांसकट अडीचशे माणसं. सगळी सज्जन, सगळी कामसू, सगळ्यांना पर्यावरणाची काळजी. अडीचशे माणसं एका छताखाली राहतात आणि कुणी कुणाला टोमणा मारत नाही, हे लिहिणाऱ्याने कुठल्याही सोसायटीची वार्षिक सभा पाहिली नसणार. मालिका एका हंगामात आटोपली.

पुढे नव्वदच्या दशकात अटलांटामध्ये कार्टून नेटवर्कच्या ऑफिसात अगदी खालच्या पायरीवर राबणाऱ्या अॅडम रीड आणि मॅट थॉम्पसन या दोघांच्या हाती या मालिकेची जुनी टेप लागली. त्यांनी मूळ आवाज काढून टाकला आणि त्या चौकोनी जबड्याच्या सज्जनांच्या तोंडी आपलं बरळणं घातलं. चॅनलने आधी नाक मुरडलं. काही वर्षांनी तेच नाक सरळ झालं आणि डिसेंबर २०००मध्ये, पहाटेच्या अंधारात, फारसा गाजावाजा न करता हे प्रकरण हळूच प्रसारित झालं. २००१मध्ये ‘अॅडल्ट स्विम’ हा रात्रीचा विभाग रीतसर सुरू झाल्यावर त्याला हक्काची जागा मिळाली आणि ते २००५पर्यंत चाललं. हीच जोडी पुढे ‘आर्चर’ करून नावारूपाला आली.

यातली गंमत चित्रात नाही. चित्र तर जेमतेम हलतं. जुनी दृश्यं कापायची, उलटसुलट जोडायची, लागेल तेवढी नवी भर घालायची. एवढ्या भांडवलावर दुकान चाललेलं. गंमत चेहऱ्यांत आहे. आता मानवजातीला वाचवणार, अशा मुद्रेने कॅप्टन मर्फी पडद्याकडे बघतो आणि तोंड उघडतो ते केकबद्दल. त्याचा आवाज हॅरी गोझ या जुन्या नटाचा. ब्रॉडवेवर ‘फिडलर ऑन द रूफ’मधला तेव्या करून आलेला माणूस. असा भारदस्त गळा असल्या फुटकळ तक्रारींना दिला की काय होतं, ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. २००३मध्ये गोझ गेले, तेव्हा पुढचा कॅप्टन म्हणून त्यांच्या मुलालाच माइकसमोर उभं केलं. आणखी एक पात्र आहे, मार्को रॉड्रिगो डियाझ दे विवार गॅब्रिएल गार्सिया मार्केझ. लग्नपत्रिकेवर सगळी नावं छापायचा आग्रह धरणाऱ्या आमच्या मोठ्या काकांना हा मनुष्य फार आवडला असता.

इथवर वाचून तुमच्या मनात जे आलं नसेल, ते माझ्या मनात आलं. हे आपण मराठीत करावं. गणेशोत्सवाच्या करमणुकीच्या कार्यक्रमात.

आमचं मंडळ अमेरिकेतल्या कुठल्या शहरात आहे ते सांगत नाही. पुढच्या वर्षी मोदक मिळायचे नाहीत. पण कार्यक्रम सगळीकडे सारखाच असतो. आधी लहान मुलांचं स्तोत्र, त्यात एक मूल रडतं. मग मोठ्या मुलींचा नाच. मग दंतवैद्य बाईंची लावणी, जिला दरवर्षी वन्समोअर मिळतो, कारण निम्म्या सभागृहाच्या दातांचं काम त्यांच्याकडे चालू असतं. मग एखादा प्रवेश, ज्यात मिशी पडते. यात काहीतरी नवं हवं, असं मी कार्यकारिणीच्या बैठकीत म्हणालो. आमच्या कार्यकारिणीत नवं हवं म्हणणाऱ्यालाच ते करायला लावतात, हे ठाऊक असूनही म्हणालो.

बैठक कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये होती. मी लॅपटॉपवर एक भाग दाखवला. तो संपला, केंद्र फुटलं, आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग अध्यक्षांनी विचारलं, “पण यांचं संशोधन कशावर चाललंय?” मी म्हणालो, “कशावरच नाही.” खजिनदारांनी वही उघडली. “मग यांना अनुदान कोण देतं?” हा प्रश्न मला इतकी वर्षं सुचला नव्हता.

ठराव मात्र झाला. तो होताच आमच्यातल्या वकीलबाईंनी तो मोडीत काढला. कार्टून नेटवर्कला जुनी चित्रं वापरता आली, कारण हॅना-बार्बेराचा सगळा जुना साठा त्यांच्याच टर्नर समूहाच्या मालकीचा होता. आपल्या मंडळाच्या मालकीच्या दोन सतरंज्या आणि एक समई आहे. पण बाईंनीच तोडगाही काढला. ज्यावरून त्या कार्टूनला नाव मिळालं ती सीलॅब खरोखरच होती, अमेरिकी नौदलाची. आणि इथल्या केंद्र सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून काढलेल्या फितींवर कॉपीराइट नसतो. त्या फिती वापरा, वर आपले आवाज चढवा. मी अत्यानंदाने होकार दिला. कार्टूनचा विनोद करायला निघालेला माणूस खऱ्या माणसांच्या माहितीपटाशी येऊन ठेपला होता, हे त्या भरात ध्यानात आलं नाही.

फिती बघायला लागलो आणि रीड-थॉम्पसन यांना उगाचच कल्पक म्हणत होतो असं वाटू लागलं. १९६५ साली कॅलिफोर्नियात ला होयाच्या किनाऱ्याजवळ, ६२ मीटर खोल पाण्यात, नौदलाने सीलॅब दोन हे लोखंडी घर उतरवलं. ते उतारावर टेकलं आणि कायमचं कललं. आतल्या लोकांनी त्याचं नाव ‘टिल्टिन हिल्टन’ ठेवलं. सामान आणायला टफी नावाचा शिकवलेला डॉल्फिन होता. वरच्या प्रमुख डॉक्टर जॉर्ज बाँड यांना सगळे ‘पापा टॉपसाइड’ म्हणत. स्कॉट कार्पेंटर, म्हणजे १९६२मध्ये अंतराळातून पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आलेला माणूस, या कललेल्या घरात महिनाभर राहिला आणि त्याला तिथे विंचूमाशाचा डंख झाला. कार्टूनमधल्या कॅप्टनचा विंचू तरी काल्पनिक होता.

आणि त्यांचे आवाज. एवढ्या दाबाखाली हवेतल्या नायट्रोजनची नशा चढते, म्हणून श्वासासाठी हेलियम मिसळलेली हवा द्यायची. त्याने डोकं शाबूत राहतं, पण गळा बदकाचा होतो. मोहीम संपल्यावर दाब उतरवायच्या कोठडीत बसलेल्या कार्पेंटरशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन फोनवर बोलले. एक गृहस्थ टेक्सासच्या ठेक्यात संथपणे अभिनंदन करताहेत आणि पलीकडून एक बदक अदबीने आभार मानतंय. त्याचं ध्वनिमुद्रण आहे. मी ते हिला ऐकवलं. ती म्हणाली, “तुम्ही ऑफिसच्या फोनवर असेच वाटता.”

संहिता मी एका बैठकीत लिहिली. घराला गळती लागली आहे आणि आतले लोक पॉटलकला कोण काय आणणार यावर भांडताहेत, एवढंच कथानक. हे लिहायला मला कल्पनाशक्ती लागली नाही, फक्त मागच्या वर्षीचं इतिवृत्त लागलं.

ध्वनिमुद्रण आमच्या बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटात करायचं ठरलं, कारण लटकवलेल्या कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. अमेरिकेतल्या घरांत ही कपाटं चांगली खोलीएवढी असतात, पण ती एका माणसाने शर्ट काढण्यासाठी असतात. पाच माणसांनी संवाद म्हणण्यासाठी नसतात. उजवीकडे माझे सूट, डावीकडे हिच्या पैठण्या मलमलीत गुंडाळून. “हात पुसून आत जा,” एवढीच तिची अट होती. खजिनदार चिवड्याची बशी घेऊन आले. अध्यक्षांनी कॅप्टनची भूमिका कुणी देण्याआधीच स्वीकारलेली होती. उपाध्यक्षांचं म्हणणं पडलं की कॅप्टनला एकोणीस वाक्यं आणि उपकॅप्टनला चार, हे घटनेला धरून नाही. मी म्हणालो, मूळ मालिकेत उपकॅप्टन असा कुणी ठळक नाहीच. तेव्हा त्यांनी मंडळाच्या घटनेची प्रत फोनवर उघडली. चिटणीसबाई पैठण्यांमधून डोकं काढून म्हणाल्या, “गळती कधी लागणार? मला सातला मुलाला पोहण्याच्या क्लासहून आणायचंय.” आणि खजिनदारांचा शेवेचा तुकडा घशात अडकला.

तो सगळा गोंधळ माइक टिपत होता. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐकला आणि कळून चुकलं की रीड आणि थॉम्पसन यांचं काम माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यांची माणसं मूर्खासारखी एकमेकांवर तुटून पडतात. पण कोण कुठे तोडतो, किती थांबतो, कुठलं वाक्य मुद्दाम अर्धवट सोडतो, याचा हिशेब केलेला असतो. अकरा मिनिटांच्या भागात एक श्वास जास्तीचा नाही. आमचं भांडण अस्सल होतं, आणि अस्सल भांडण ऐकायला भयंकर कंटाळवाणं असतं. एक तास दहा मिनिटांच्या मुद्रणातून मला वापरण्याजोगी नऊ मिनिटं मिळाली, त्यात एक खोकला.

राहता राहिलं हेलियम. मी एका पहिल्या वाढदिवसाला उरलेले फुगे मागून आणले. मंडळात डॉक्टरांचा तुटवडा नसतो. त्यातल्या एकांनी ते माझ्या हातातून काढून घेतले. फुग्यात प्राणवायू नसतो, चक्कर येऊन पडाल, आणि पडलात तर मलाच बघावं लागेल. मग आवाज सॉफ्टवेअरवर बारीक करायचं ठरलं. अध्यक्षांनी आपला बारीक झालेला आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा पडला. “अहो, मी प्रास्ताविक करतो दरवर्षी. लोक काय म्हणतील?” त्यांचा आवाज मूळपदावर आणला. ते समजताच उपाध्यक्षांचा आणावा लागला. मग चिटणीसबाईंचा. खजिनदार म्हणाले, मी हिशेब वाचणार आहे त्याच दिवशी. शेवटी साठ मीटर खोल पाण्यातल्या त्या घरात चार माणसं सदाशिव पेठेतल्या खणखणीत आवाजात बोलत होती आणि बदक एकटा मी होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेचा हॉल भरला होता. लावणी झाली, वन्समोअर झाला. दिवे गेले आणि पडद्यावर निळंकाळं पाणी आलं. पहिली दोन मिनिटं लोक आपापल्या नातेवाइकांचे आवाज ओळखण्यात गुंतले. मग एक-दोन ठिकाणी हसू फुटलं. मी पडद्याच्या बाजूला, लॅपटॉपपाशी. माझं बदक म्हणालं, “कॅप्टन, गळती वाढतेय!” अध्यक्ष पडद्यावरून गरजले, “चला, पाच मिनिटांत वर जाऊ, पोहे गार होतील!”

“थांबवा!”

हा आवाज संहितेत नव्हता. चौथ्या रांगेत एक उंच, ताठ, पांढरे कल्ले राखलेले गृहस्थ उभे राहिले होते. कुणाचे तरी वडील, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. “पाच मिनिटांत वर? मरेल तो!”

हॉल हसून लोटपोट. सगळ्यांना वाटलं, ठरवून केलंय. टाळ्या पडल्या. मलाही क्षणभर तसंच वाटलं, हे लाजिरवाणं आहे. गृहस्थ मात्र सावकाश पुढे चालत आले, निवेदिकेच्या हातातला माइक घेतला आणि बोलू लागले. ते भारतीय नौदलात पाणबुडे होते. कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, शिकवलं. त्यांनी जे सांगितलं ते असं: दाबाखाली श्वासातला वायू अंगात मुरतो. एका मर्यादेनंतर आणखी मुरत नाही; मग तुम्ही खाली दिवसभर राहा नाहीतर महिनाभर, वर येताना तो बाहेर पडायला लागणारा वेळ तेवढाच. म्हणून तर तिथे राहायचं घर नेलं. पण तो वेळ द्यावाच लागतो. साठ मीटरवरून येणाऱ्याला तासांत नाही, दिवसांत. घाईने वर आलात तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं ते रक्तात होतं. “आणि यांचा कॅप्टन पोह्यांसाठी वर चाललाय.”

पुन्हा हशा. त्यांनी हात वर केला. १९६४मध्ये बर्म्युडाजवळ पहिली सीलॅब, चार माणसं, तीन आठवडे राहायची होती; वादळ येतंय म्हणून अकरा दिवसांत वर घेतली. ती दुसरी, ही जी तुम्ही बघताय. आणि तिसरी, फेब्रुवारी १९६९, कॅलिफोर्नियाच्या सॅन क्लेमेंटे बेटाजवळ, १८६ मीटर. तिला खरीच गळती लागली होती. ती काढायला उतरलेल्यांत बेरी कॅनन होता. त्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर सीलॅब बंद झाली. “गळतीवर विनोद करताय, करा. माझी हरकत नाही. पण आधी एक मिनिट उभे राहा.”

मराठी मंडळाला उभे राहा म्हटलं की ते उभं राहतं. कारण नंतर विचारतं. तीनशे माणसं भरजरी कपड्यांत उठली, माना खाली घातल्या. लहान मुलंसुद्धा चिडीचूप. मी गडबडीत चित्र थांबवायचं बटण दाबलं. चित्र थांबलं, टफीचा नाकाडा पडद्यावर मोठा दिसत राहिला. आवाज मात्र वेगळ्या खिडकीतून चालू होता, तो थांबला नाही. त्या गंभीर शांततेत, शाळेच्या उत्तम ध्वनियंत्रणेतून, माझं बदक स्वच्छ उच्चारात म्हणालं, “पण साबुदाणा भिजवला कोणी?”

कुणीही हसलं नाही. इतकी वर्षं मी मंडळात बोलतोय, एवढ्या एकाग्रतेने माझं वाक्य कुणी ऐकलेलं नाही.

मिनिट संपलं, माणसं बसली, आणि त्या गृहस्थांना लोकांनी सोडलं नाही. आमची उरलेली फीत आवाज बंद करून मागे चालू ठेवली आणि त्यांनी तिच्यावर धावतं समालोचन केलं. हे वाकून का चालताहेत, यांना एवढी थंडी का वाजते (हेलियम अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतं), डॉल्फिन शिट्टीला येतो की घंटेला. वर एकदोन किस्से कोचीचे, जे बायकामुलांसमोर सांगण्याजोगे होते तेवढेच. हशा त्यांना, टाळ्या त्यांना, शाल-श्रीफळ त्यांना. मूळ आवाज काढून टाकून त्या जागी भलता आवाज घालायचा, ही सीलॅबची युक्ती शेवटी बरोबर जमली. फक्त काढून टाकलेला आवाज माझा होता. अध्यक्षांनी समारोपात सांगितलं की हा अभिनव कार्यक्रम कार्यकारिणीच्या कल्पनेतून साकारला. खजिनदारांनी हिशेबात माझ्या नावापुढे ‘फुगे, परत न केलेले’ अशी नोंद केली. पैठणीवर चिवड्याच्या तेलाचा डाग निघाला. त्याबद्दल घरी झालेला संवाद मुद्रित केलेला नाही.

वाचकहो, तुम्ही ‘सीलॅब २०२१’ जरूर बघा. सुरुवात त्या केकच्या ओव्हनच्या भागापासून, ‘हॅपी केक’पासून करा, कथानक शोधत बसू नका, आणि मुलांसोबत बघू नका, अॅडल्ट स्विम हे नाव उगाच नाही. आणि यंदा आमच्या मंडळाच्या गणपतीला येणार असाल तर गाडी डावीकडच्या रांगांत लावा. उजवीकडे फायर लेन आहे, तिथली गाडी उचलून नेली तर मंडळ जबाबदार नाही. पार्किंग आता माझ्याकडे आहे.